फुटपाथचं पत्र कुणाला पाठवायचं?

नमस्कार मंडळी,
इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळाच्या हॉलपासून बसथांब्यापर्यंत फुटपाथ नाही. बर्फ पडला की आपले आजी-आजोबा सरळ रस्त्यावरून चालतात, अगदी लागून गाड्या जातात. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातून रस्त्यांसाठी बराच फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा आलाय. सह्या गोळा करून आपल्या भागाच्या काँग्रेसमनना (खासदारांना) पत्र पाठवूया का?
– अनघा

अनघा,
सह्या जरूर घे, पण पत्र आधी काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या प्रशासनाला, जाऊ दे. मी वाहतूक नियोजनात काम केलंय, म्हणून सांगतो.

राज्याची निदान चार वर्षांच्या कामांची यादी असते, तिला ‘स्टिप’ म्हणतात. त्या यादीत काम नसेल तर फेडरल पैसा मिळत नाही. काँग्रेसमननी खास निधी आणला, तरी काम यादीत घ्यावंच लागतं. शिवाय 50,000 किंवा जास्त वस्तीच्या शहरी भागात राज्य एकट्याने काही ठरवत नाही. तिथल्या प्रादेशिक नियोजन संस्थेची यादी जशीच्या तशी राज्याच्या यादीत जाते. न्यू जर्सीत अशा तीन संस्था आहेत. उत्तरेकडच्या 13 काउंट्या त्यांपैकी एनजेटीपीए या संस्थेत येतात, आपलीही त्यातच. तिथे मत काउंटीला आहे, आपल्या मंडळाला नाही.

यादीत नुसती इच्छा लिहून चालत नाही, पैसा कुठून येणार ते दाखवावं लागतं. पैसा आगाऊही मिळत नाही: आधी खर्च, मग परतावा. साधारण 80 टक्के फेडरल, 20 टक्के राज्याचे किंवा स्थानिक. आपल्याकडे टोल रस्त्यांवरच्या खर्चाचं क्रेडिट त्या 20 टक्क्यांच्या जागी धरता येतं, ही मोठी सोय आहे. शिवाय जागा कुणाची, पाणी कुठे जाणार, विजेचे खांब हलवायचे का, हे ज्यांनी आधीच शोधलंय त्यांचं काम पुढे सरकतं.

फुटपाथसाठी ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्ह्ज हा फेडरल निधी बघा. अर्ज गावाकडून किंवा काउंटीकडून गेलेला बरा. पण आधी रस्ता कुणाचा ते पाहा. निळी पंचकोनी पाटी आणि पिवळे आकडे असले तर काउंटीचा; पांढऱ्या गोलात काळे आकडे असले तर राज्याचा.
– श्रीकांत

काका, यात वर्षं जातील. तोवर काय करायचं?
– मीनल

मीनल, वर्षं जातात, खरं आहे. म्हणूनच आत्ता लिहायचं. यादीचा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो, आणि आलेल्या महत्त्वाच्या सूचनांचं काय केलं ते नोंदवावं लागतं. आपण लिहिलंच नाही, तर ही अडचण कुठल्याच कागदावर येत नाही. बर्फ हटवण्यासाठी गावाला वेगळं पत्र द्या, त्यासाठी फेडरल पैशाची वाट बघायची गरज नाही.
– श्रीकांत

काका, आत्ताच बघून आले. निळी पाटी, म्हणजे काउंटीचाच रस्ता! नाल्यावरच्या पुलापाशी कडेला पाऊल ठेवायलाही जागा नाही. मीनल, तिथले फोटो काढशील? दोन्ही पत्रांचा मसुदा मी करते, काका तपासतील. सह्यांचा कागद रविवारी भजनाच्या वेळी दारातल्या टेबलावर असेल.
– अनघा