मदत हवी आहे: डनव्हेगन किल्ला, सोबत आई-बाबा

जूनमध्ये आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जातोय, मुक्काम पोर्ट्रीत. मॅक्लाउड कुळाचा डनव्हेगन किल्ला बघायचाच आहे. 800 वर्षं एकाच घराण्याकडे! राजगड-तोरणा करून गुडघे झिजवलेल्या बाबांना तिथला रेशमी ‘परी-ध्वज’ बघायचाय. त्याच्या जोरावर मॅक्लाउड लढाया जिंकले म्हणे. आईला मात्र फक्त बाग. भिंतीआडची, पाण्याची, सगळी.

किल्ल्यात आत जिने किती आहेत? बागेपुरतं तिकीट मिळतं, तर आईचं तेवढंच काढू का? सील दाखवणाऱ्या होडीत बाबांना चढता येईल? पोर्ट्रीहून बस भरवशाची, की गाडीच घ्यावी? आणि ते मिज नावाचे चावरे किडे खरंच एवढे छळतात का हो?