मदत हवी आहे: चौकटीतला ‘12 सी’ शिक्का आणि दोन नळ्यांत दोन मापांचे चेंबर

नमस्कार मंडळी,

आजोबांची दुनळी बंदूक आता माझ्या नावावर झाली आहे. बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), बर्मिंगहॅमची, आतल्या घोड्यांची (हातोडे बाहेर दिसत नाहीत). नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावरचं घट्ट झालेलं तेल पुसलं तेव्हा शिक्के दिसले. मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी, म्हणजे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के. दोन्ही नळ्यांवर 13/1. डावीवर ‘चोक’ (तोंडाशी आवळलेली नळी). आणि पत्त्यांतल्या चौकटीसारख्या आकृतीत वर 12, खाली सी.

एनपी म्हणजे नायट्रो (बिनधुराच्या) दारूची चाचणी झालेली, म्हणजे 1904 नंतरची. 13/1 म्हणजे नळीचा आतला व्यास 0.719 इंच. चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी आकड्यात कुठेच नाही, म्हणजे 1925 च्या नियमांच्या आधीची. घोडं अडतं ते चौकटीपाशी. एलसी असतं तर चेंबर 3 इंची म्हणता आलं असतं. नुसत्या सी वरून ते 3 इंचांपेक्षा आखूड, एवढंच कळतं. अडीच की पावणेतीन, ते नाही.

एका कारागिराने 70 मिमीचं (पावणेतीन इंची) काडतूस सरकवून दाखवलं आणि म्हणाला, “बसतंय की, वापरा बिनधास्त.” हे मला अजिबात पटलं नाही. काडतुसावर लिहिलेली लांबी बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. तोंड दुमडलेलं असताना 70 चं काडतूस 65 च्या (अडीच इंची) चेंबरातही अलगद बसतं. उडाल्यावर दुमड उलगडते, पुढे जागा नसते, ती चेंबरापुढच्या उतारात (जिथे चेंबर निमुळता होत नळीला मिळतो) घुसते आणि दाब वाढतो. शंभरीला आलेल्या नळीवर हे करून बघायची माझी तयारी नाही.

म्हणून पितळी पट्टी चेंबरच्या रुंदीला घासून घेतली आणि मोजलं. उजवीत पट्टी 65 मिमीवर ठक्कन अडते. डावीत मात्र 69 पर्यंत जाते, तीही अडत नाही, हळूहळू आवळत थांबते. टॉर्च मारला की उजवीत चेंबरच्या टोकाला काळसर कडा स्पष्ट दिसते. डावीत ती कडाच नाही, तिथे लांब, चकचकीत उतार आहे. पुन्हा प्रूफ (दाबाची चाचणी) केल्याचा शिक्का कुठेही सापडला नाही.

माझे प्रश्न:

डावीचा चेंबर खरोखर वाढवला आहे, की फक्त पुढचा उतार कोणी घासून लांबवला? पट्टीच्या मापावरून हा फरक ओळखता येतो का, की चेंबरचा साचाच (आतल्या आकाराचा ठसा) काढावा लागेल? साच्यासाठी गंधक वापरलेलं कोणी आहे का? आणि त्या जागी नळीची जाडी किती उरली आहे, हे नेमकं कुठून कुठपर्यंत मोजायचं?

तोवर बंदूक कपाटातच आहे. शिक्क्यांचे फोटो लागत असतील तर सांगा, खडू चोळून नीट उठावदार काढतो.