‘अर्धवट विश्वसनीय’ साक्षीदार?

अजिंक्यतारा (सातारा): विधी साक्षरतेच्या पुस्तिकेचं भाषांतर चाललंय. वडिवेलू थेवर खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग केले: पूर्ण विश्वसनीय, पूर्ण अविश्वसनीय आणि दोहोंत न बसणारा. पहिल्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा होते, दुसऱ्याच्या होत नाही, तिसऱ्याला पुष्टी लागते. तिसऱ्याला मी ‘अर्धवट विश्वसनीय’ लिहिलं. सहकाऱ्याने ‘अंशतः’ केलं. बरोबर काय?

माणदेशी: ‘अर्धवट’ नकोच. आपल्याकडे अर्धवट म्हणजे डोक्याने कमी.

कृष्णाकाठ (सांगली): ‘अंशतः’ही फसवं. साक्षीतलं खरं घ्या, खोटं पाखडून टाका, असा अर्थ निघतो. तशी मुभा कोर्टाला आहेच, पण तो प्रश्न वेगळा. इथे शंका अख्ख्या साक्षीविषयी असते. समजा, रात्री उसाच्या फडाजवळ खून झाला, पाहणारा एकच. मग अंतर किती, उजेड कशाचा, आरोपी आधीचा ओळखीचा का, पंचनाम्यात विजेचा खांब दाखवलाय का, हे सगळं बघतात. ‘बॅटरीच्या उजेडात पाहिलं’ हे पोलिसांपुढच्या जबाबात नसेल आणि कोर्टात पहिल्यांदाच आलं, तर ती नुसती तफावत राहत नाही. महत्त्वाची गोष्ट गाळली म्हणून विसंगती धरली जाऊ शकते.

शब्दवेडा (मिरज): तफावत आणि विसंगती एकच ना? एक अरबी, एक संस्कृत. संस्कृत वापरावा.

कृष्णाकाठ: कोर्टात एक नाहीत. वार दोन की तीन, ही तफावत. काळ गेला की ती येतेच, तेवढ्याने साक्ष पडत नाही. उलट शब्दन् शब्द जुळला तर पढवल्याचा वास येतो. विसंगती मात्र शाबीत करावी लागते. जबाबातलं नेमकं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवायचं, ‘असं सांगितलं नाही’ म्हणाला की त्या भागाला ‘ए’ अशी खूण करून घ्यायची आणि पुढे तपासी अंमलदाराच्या तोंडून ते वाक्य शाबीत करायचं. ही शेवटची पायरी राहिली की सगळी उलटतपासणी वाया.

अजिंक्यतारा: आणि ‘पुष्टी’ऐवजी ‘दुजोरा’ चालेल का?

माणदेशी: उत्तम. ‘दुजा’वरूनच आला असणार. दुसरा कोणी पाठीशी उभा राहिला, हाच अर्थ हवाय.

कृष्णाकाठ: तिथेच घोटाळा आहे. दुसरा माणूसच लागतो असं नाही. किती साक्षीदार हवेत हे कायद्याने ठरवलेलंच नाही: १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १३४, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १३९. जखमांच्या वैद्यकीय पुराव्याने पुष्टी मिळते, जप्त कुऱ्हाडीवरच्या रक्ताने मिळते. साक्षीदाराने स्वतः लगेच दिलेल्या फिर्यादीनेही मिळते. स्वतःच्याच बोलण्याला कोणी दुजोरा देतं का?

शब्दवेडा: ‘कागदपत्रांनी दुजोरा मिळाला’ असं वर्तमानपत्रं लिहितातच. मला खटकतो तो ‘साक्षीदार’. साक्षी म्हणजे साक्षात पाहणारा, पाणिनीचं सूत्रच आहे. त्याला फारसी ‘दार’ कशाला? आणि ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदार’ तर द्विरुक्तीच.

माणदेशी: मग डॉक्टर, पंच, तपासी अंमलदार यांना काय म्हणणार? त्यांनी गुन्हा पाहिलेला नसतो, तरी पिंजऱ्यात साक्षीदार म्हणूनच उभे राहतात. ‘दार’ काढलं तर फिर्याद, जबाब, शाबीत हेही काढा. मग खंडाळ्यापासून जतपर्यंत पक्षकाराला स्वतःचाच खटला कळायचा नाही.

शब्दवेडा: ‘फिर्यादी’साठी ‘अभियोक्ता’ आहे की.

कृष्णाकाठ: नाही. गुन्ह्याची खबर देणारा तो फिर्यादी. अभियोक्ता म्हणजे खटला चालवणारा सरकारी वकील. पुस्तिकेत ही अदलाबदल मुळीच करू नका.