मुलीचं पर्सेंटाइल 74 वरून 61 वर आलं. नक्की बिघडलंय काय?

चौथीची_आई

आमच्या शाळेत तिसरी-चौथीला दरवर्षी बाहेरच्या संस्थेची प्रमाणित चाचणी असते. गणिताचा पेपर 40 प्रश्नांचा, सगळे पर्यायवाले. मागच्या वर्षी चौथीची सरासरी 28 होती, यंदा 25.5. तेव्हा वर्गात 26 मुलं होती, आता 19 आहेत. एवढ्यावरून पालकसभेत रण माजलं. गणिताच्या बाई यंदाच रुजू झाल्यात, तेव्हा खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं ते सांगायला नको. बिचाऱ्या शेवटपर्यंत हातात डस्टर धरून उभ्या होत्या.

मी गप्प बसले, कारण घरी माझंही तेच चाललं होतं. लेक तिसरीत 74 पर्सेंटाइलला होती, आता 61. निकाल बघून मी तिच्यावर ओरडले, "एकसष्ट टक्के?" ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, 28 बरोबर आलेत. 40 पैकी 28 म्हणजे 70 ना गं?" मला उत्तर देता आलं नाही. गणितात हुशार कोण, हा प्रश्न तिथेच मिटला.

तर, हे 61 म्हणजे काय? आणि वर्ग खरंच घसरलाय का?

आजोबा_चहावाले

एवढा विचार कशाला करता? जुने पेपर आणा, रोज एक सोडवून घ्या. नातवाचं दोन महिन्यांत वर आलं.

आकडेमोड

ताई, लेक बरोबर आहे. तिचे 70 टक्के प्रश्न बरोबर आले. 61 पर्सेंटाइल म्हणजे चाचणी बसवताना ज्या मोठ्या नमुना गटाची परीक्षा घेतली होती, त्यातल्या शंभरातल्या साधारण 61 मुलांच्या ती पुढे आहे. टक्के पेपराशी मोजतात, पर्सेंटाइल इतर मुलांशी.

निकालपत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात 'प्रमाण विचलन' (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत) आणि 'विश्वसनीयता' (चाचणी पुन्हा घेतली तर निकाल कितपत जुळेल; 1 म्हणजे तंतोतंत) लिहिलेलं असतं. तेवढे दोन आकडे टाका इथे.

चौथीची_आई

सापडले! विचलन 8, विश्वसनीयता 0.90. हे पान आजवर कुणी उलटलं असेल असं वाटत नाही.

आकडेमोड

मग बघा. गुणांची गर्दी मधल्या पट्ट्यात असते, त्यामुळे तिथे एकदोन प्रश्न इकडेतिकडे झाले की पर्सेंटाइल धाडकन हलतं. विचलन 8 धरलं तर 74 आणि 61 मधलं अंतर जेमतेम तीन प्रश्नांचं आहे. आणि 0.90 विश्वसनीयता म्हणजे मुलीच्या एका चाचणीच्या एकूण गुणांत साधारण अडीच प्रश्न इकडेतिकडे, एवढी मापनातली चूक धरायची. त्या दिवशी झोप झाली नसेल, एका गोलाऐवजी दुसरा काळा केला असेल, दोन अंदाज फसले असतील, हे सगळं त्यात आलं. दोन वर्षांच्या दोन चाचण्यांची तुलना केली की ही चूक साडेतीन प्रश्नांवर जाते. तुम्ही ओरडलात ते तीन प्रश्नांवरून.

वर्गाचंही तेच. 26 आणि 19 अशा छोट्या वर्गांच्या सरासरीत नुसत्या मुलांच्या फरकाने अडीचेक प्रश्नांचा चढउतार सहज होतो. शिवाय मागच्या वर्षीची चौथी आता पाचवीत गेली! ही वेगळीच मुलं आहेत. बाईंचं काम जोखायचं तर याच 19 जणांचे तिसरीचे निकाल शेजारी ठेवा. अर्थात, सगळं ठीकच आहे असंही यातून सिद्ध होत नाही. सभेत जे सिद्ध झालं म्हणत होते, ते मात्र झालेलं नाही.

निवृत्त_बाई

चहावाले आजोबा, मीही एक वर्ष तेच केलं होतं, म्हणून बोलते. जुने पेपर घोटून घेतले, 'दोन पर्याय आधी खोडा' हे पाठ करून घेतलं. निकाल वर गेला, माझा सत्कार झाला. मग एका सकाळी फळ्यावर 503 – 278 लिहिलं, पर्याय न देता. निम्म्या वर्गाने 375 लिहिलं. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. जो अंक मोठा त्यातून लहान वजा! हातचा कुणी घेतलाच नव्हता. त्याच मुलांनी पेपरात 225 वर बिनचूक गोल केला होता.

एकच चाचणी वर्षानुवर्षं घोटली आणि तुलनेचा नमुना गटही जुनाच राहिला, की आकडे आपोआप फुगतात. 1987 मध्ये अमेरिकेत जॉन कॅनेल नावाच्या डॉक्टरने राज्याराज्यांचे निकाल गोळा केले, तर प्राथमिक शाळांत प्रत्येक राज्य देशाच्या सरासरीच्या वर! सगळेच सरासरीच्या वर कसे असतील?

तरी चाचणी फेकून देऊ नका, आईसाहेब. शाळेकडे प्रश्ननिहाय अहवाल असतो, तो मागा. 375 वर गोल करणाऱ्या मुलाला काय येत नाही हे त्या एका चुकीत दिसतं, 61 या आकड्यात नाही. आणि आज रात्री लेकीला न रागावता हे द्या: 'रवीकडे 45 गोट्या आहेत. त्या मीनाकडच्या गोट्यांपेक्षा 17 ने जास्त आहेत. मीनाकडे किती?' काय केलं ते तिलाच सांगू द्या. मधे बोलू नका, ते आपल्याला सर्वांत जड जातं.

चौथीची_आई

दिलं. आधी 503 – 278 दिलं, हातचा घेऊन नीट 225 काढलं. मग गोट्या. तिने लगेच 62 लिहिलं. मी ओठ दाबून बसले. म्हणाली, "जास्त लिहिलंय ना, म्हणजे मिळवायचे." मग मी कागदावर रवी आणि मीना काढले (मीनाला रवीपेक्षा जास्त केस आले, त्यावर हसणं झालं) आणि विचारलं, कुणाकडे जास्त? "रवीकडे." थोडा वेळ पेन्सिल चावली आणि 62 खोडून 28 लिहिलं.

उद्या शाळेत जातेय. प्रश्ननिहाय अहवाल मागणार आहे. बाईंना विचारायचंय, बाकी मुलंही 'जास्त' दिसलं की मिळवतात का. आणि सभेत गप्प बसले, त्याबद्दलही बोलायचंय त्यांच्याशी.