चीनमधल्या सूचौत २ दिवस, सोबत आजी आणि २ पोट्टे: रेशमाचं काम नीट कुठं पाहायला मिळेल?

करवतीकाठ (मोहाडी, भंडारा)

कामासाठी शांघायला मुक्काम आहे, घरचे मे महिन्यात येतील. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ चा, आणि आई ६८ ची. आईचं आयुष्य मागावर गेलं, कोसा (टसर रेशीम) आणि करवती काठ. म्हणून शांघायच्या उंच इमारतींपेक्षा सूचौचं रेशीम, भरतकाम, जुने बाग असं दाखवायचं आहे. हाती पूर्ण २ दिवस.

विचारायचं ते असं :
१. कोषापासून कापडापर्यंत काम प्रत्यक्ष चालू असलेलं कुठं दिसतं? काचेआड ठेवलेले नमुने नकोत.
२. लेकरांना हात लावून करता येईल असं काही आहे का?
३. आई शाकाहारी, अंडंही नाही. गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर तासभर चालते.
४. रेशमी रजई घ्यावी म्हणतो. फसवणूक कशी ओळखायची?

तुतीपान (आरमोरी)

भाऊ, आधी तारखा पक्क्या करा. १ ते ५ मे चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते, त्या दिवसांत सूचौत पाय ठेवायला जागा नसते. जूनच्या मध्यापासून तिकडचा पाऊस लागतो. म्हणून ८ मे ते जूनचा पहिला आठवडा हा काळ धरा. वसंतातलं रेशीमपालनही याच सुमारास चालतं. सोमवार मात्र टाळा, संग्रहालयं बंद असतात.

शांघायहून वेगवान गाडी अर्ध्या तासात पोचवते. तिकीट 'सूचौ' स्टेशनचं काढा, 'सूचौ उत्तर'चं नको. उत्तर स्टेशन शहराबाहेर आहे. तिकीट पासपोर्टवर निघतं, ६ ते १४ वर्षांच्या मुलांना सवलत आहे, म्हणजे तुमच्या दोघांनाही. तिकीट काढताना मुलांचे पासपोर्ट क्रमांक जवळ ठेवा. स्वयंचलित फाटकावर विदेशी पासपोर्ट बऱ्याचदा चालत नाही, माणूस बसलेल्या रांगेतून जा.

पहिली सकाळ सूचौ रेशीम संग्रहालयाला द्या. ते १९९१ साली उघडलं, प्रवेश मोफत. मेट्रोच्या ४ नंबर लाइनवर बेइसिता स्टेशन, समोरच ९ मजली जुना पॅगोडा दिसतो, संग्रहालय त्याच्याच अंगाला आहे. तुमच्या आईसाठी सगळ्यात मोलाची जागा ही. आत जुन्या पद्धतीचे लाकडी माग आहेत. त्यातला उंच माग आवर्जून पाहा : एक कारागीर वर माडीवर बसून दोऱ्यांचे जुडगे ओढतो, दुसरा खाली धोटा टाकतो. वरचा कोणता ताणा (उभे धागे) उचलायचा ते ठरवतो, खालचा बाणा (आडवा धागा) भरतो. आपल्याकडे मागावर नक्षी ठरवणाऱ्या जकार्डच्या भोकांच्या पत्त्यांचं काम तिथे वर बसलेला माणूस करायचा, असं लेकरांना सांगितलं की लगेच उमजतं.

आता कोसा आणि तुती रेशमातला फरक. आजीनं पोट्ट्यांना तिथंच उभं करून सांगावा असा आहे. आपली टसरची अळी ऐन-अर्जुनावर रानात वाढते, कोषाला कडक देठ असतो आणि त्या देठानं तो फांदीला लटकतो. तुतीची अळी घरात टोपलीत वाढते, ४ वेळा कात टाकते, २५-२८ दिवसांत कोषावर येते, आणि तिच्या कोषाला देठ नसतो. टसर शिजवायला सोडा लागतो, कारण त्याचा डिंक चिवट. तुतीच्या कोषाला गरम पाणी पुरतं. एका कोषातून हजार मीटरच्या आसपास सलग तंतू निघतो, पण तो एकटा फार बारीक, म्हणून ८-१० कोषांचे तंतू एकत्र ओढून एक धागा करतात.

रीळ चालू दिसलं की पाण्याकडे बघा. पाणी कोमट असेल तर डिंक सुटत नाही, तंतू ताणून तुटतो. कोष जास्त शिजला तर एकाच वेळी दहा ठिकाणांहून सुटतो आणि गाठीगाठींचा गुंता वर येतो. कोष संपत आला की आतली काळी कोशिका (अळीचं कोषातलं रूप) पातळ पडद्यातून दिसायला लागते. त्याच क्षणी बाई नवीन कोषाचं टोक चालत्या धाग्याला चिकटवते. धागा थांबत नाही, गाठही पडत नाही. तो हात पाहायला १० मिनिटं उभं राहा.

सुईदोरा (नागभीड)

वरचं सगळं बरोबर. रजई आणि भरतकामाचं मी सांगते.

रजईसाठी जुळे कोष वापरतात, म्हणजे २ अळ्यांनी मिळून विणलेला एकच कोष. त्यातले तंतू एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून धागा ओढता येत नाही. मग त्यांचा कापूस करतात. कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे, धुवायचे, पाण्यातच फाडून कोशिका काढायची आणि तो पडदा लहान बांबूच्या कमानीवर ताणायचा. त्यावर दुसरा, तिसरा. जाड टोपी झाली की मोठ्या कमानीवर चढवायची, मग वाळवायची. शेवटी चौघं चार कोपरे धरून ती टोपी पलंगाएवढी ओढतात. असे कित्येक पदर एकावर एक. रजई विकणाऱ्या कारखान्यांत हे प्रात्यक्षिक दाखवतात आणि पाहुण्यांना कोपरा धरायला देतात. लेकरांना इथं मजा येते. एकानं घाई करून झटका दिला तर तो कोपरा फाटतो आणि मधे गोळा राहतो, म्हणून चौघांनी सारख्या जोरानं, हळू मागं सरकायचं. बोटांची टोकं न वापरता मूठभर धरायचं.

घेताना हे बघा :

चांगल्या रजईला एका बाजूला चेन किंवा उघडी फट असते. त्यातून चिमूटभर भरण ओढा. लांब तंतू असेल तर सलग ओढत येतो, तोकडा असेल तर कापसासारखा तुटून हातात येतो. तुटणारं असलं तर उरलेल्या टाकाऊ रेशमाचं भरण समजा. ४-५ तंतू जाळायला मागा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुकटी होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पांढरं शुभ्र झगमगीत भरण घेऊ नका, खरं रेशीम किंचित पिवळट असतं. वजन 'जिन'मध्ये सांगतील, १ जिन म्हणजे ५०० ग्रॅम. विदर्भाच्या थंडीला दुहेरी पलंगाची ३ जिनची खूप झाली. ती रजई धुवायची नाही, खोळ धुवायची आणि रजईला सावलीत वारा द्यायचा. कडक उन्हात टाकली तर तंतू ठिसूळ होतो.

स्टेशनवर कोणी 'रेशीम कारखाना दाखवतो, गाडी फुकट' म्हणाला तर नको म्हणा. त्या गाडीचे पैसे तुमच्या रजईच्या किमतीत असतात.

आता भरतकाम. सूचौचं खरं कसब दोरा फाडण्यात आहे. एका रेशमी दोऱ्याचे आधी २ भाग, मग प्रत्येकाचे ८, असा एक दोरा १६ तंतूंत उकलतो. मांजराचा डोळा, गोल्डफिशची शेपटी अशा ठिकाणी एकच तंतू चालवतात, म्हणून शेपटीतून पाणी दिसल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं भरतकाम असेल तर सुई कापडाला अगदी काटकोनात घालतात, आणि दोऱ्याचं टोक गाठ न मारता टाक्यांखाली दडवतात. सुई तिरकी गेली की मागच्या टाक्याला छेद जातो आणि मागची बाजू बिघडते.

ही कला पाहायची मुख्य जागा झेनहू. शहराच्या पश्चिमेला ताइहू तलावाच्या बाजूला आहे, गावभर भरतकामाची दुकानं आणि कार्यशाळा. पण २ दिवसांत आजीला घेऊन तिकडं जाणं ओढाताणीचं होईल. जुन्या शहरातल्या पिंगजियांग रस्त्यावर लहान कार्यशाळा आहेत, तिथं मुलीला बसवा. नवशिक्याला अर्धा दोरा पुरे, त्याहून बारीक मागू नका, प्रत्येक टाक्याला तुटेल. दोरा हातभर लांब, जास्त नाही. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा घासून पिंजतो. आणि हात आधी धुवून पुसा, खरखरीत बोटाला रेशीम अडकतं.

विकत घेताना चित्र उलटं करा. यंत्राच्या कामात मागं पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याचं जाळं दिसतं. काही ठिकाणी छापील चित्रावर थोडे टाके घालून विकतात. तसं असेल तर मागं बरीचशी जागा कोरी दिसेल.

धानपट्टा (साकोली)

जेवण, चालणं आणि मुलांचं.

फोनमध्ये अलीपे घाला आणि त्याला भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, रोख फार कमी चालते. गुगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या सिमवर उघडत नाही. घरचे भारतातून येतील त्यांनी आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेऊन यावं, त्यावर चालतं.

आईंसाठी कागदावर चिनी अक्षरांत लिहून घ्या : मांस, मासे, अंडं, हाडांचा रस्सा, डुकराची चरबी नको. शेवटचे दोन महत्त्वाचे आहेत. सूचौच्या शेवयांचा रस्सा हाडांचा असतो, वर भाजी घातली तरी आत तेच. लाल कडधान्याच्या सारणाच्या पापुद्र्यांच्या मिठाईत चरबी असते, दिसत नाही. खात्रीची जागा म्हणजे शी-युआन मंदिर, तिथं शाकाहारी शेवया मिळतात, मशरूमच्या रश्श्यात. लिऊ-युआन बाग तिथून जवळच आहे, दोन्ही एकत्र करा. त्या बागेत ताइहू तलावातला साडेसहा मीटर उंच एकच दगड उभा केला आहे, आजी बसून पाहू शकतात.

पोट्ट्यांसाठी शिझ-लिन, म्हणजे सिंहवन. १३४२ सालची बाग. पाण्यानं झिजून भोकं पडलेले चुनखडीचे दगड रचून भुलभुलैया केला आहे, वरच्या आणि खालच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मुलं तासभर बाहेर येणार नाहीत. दगड पायांनी गुळगुळीत झालेत, चपला नको, बूट घाला, आणि आईंना आत नेऊ नका. तळ्याकाठच्या ओसरीत बसवा, तिथून मुलं दगडांच्या भोकांतून दिसत राहतात. लागूनच सूचौ संग्रहालय आहे, इमारत वास्तुकार आय. एम. पेई यांनी आखलेली, २००६ साली उघडली. मोफत आहे, पण आधी वेळ आरक्षित करावी लागते आणि शनिवार-रविवारच्या वेळा लवकर संपतात. पेई घराण्यानं १९१७ साली सिंहवन विकत घेतलं होतं, म्हणून दोन्ही एकाच सकाळी पाहिली की त्यांचा संबंध कळतो.

झुओझेंग-युआन ही बाग मोठी, ५ हेक्टरांहून जास्त. गर्दी आणि चालणं दोन्ही जास्त. २ दिवसांत ती सोडली तरी चालेल, असं माझं मत.

दुपारी पिंगजियांग रस्ता. १२२९ साली दगडावर कोरलेला या शहराचा नकाशा आजही आहे, आणि त्यातले रस्ते-कालवे पुष्कळसे तसेच आहेत. रस्ता सपाट, कडेनं कालवा. आतल्या गल्लीत कुन्छू नाट्याचं संग्रहालय आहे, तिथला जुना रंगमंच पाहा : वरच्या छताला गोल फिरत गेलेली लाकडी घुमटी आहे, आवाज खाली फेकण्यासाठी. झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेल्या माणसाला माइकआधीचा तो उपाय आवडेल. चहाघरात पिंगतान लागतं, दोघं बसून वाद्यांवर गोष्ट गातात. भाषा कळत नसली तरी अर्धा तास बसवतं.

मुलासाठी सूचौच्या ताओहुआवू भागाची लाकडी ठशांची छपाई. आपल्याकडे श्रावणात जिवतीचा कागद लावतात ना, तसे ते नव्या वर्षाला दारावर चिकटवतात. कागदांचा गठ्ठा एका कडेला घट्ट दाबलेला असतो, ठसा टेबलावर पक्का बसवतात, आणि एकेक कागद ओढून ठशावर टाकून घासतात. आधी काळी रेघ, मग एकेका रंगाचा वेगळा ठसा. कागदाची ओल कमी-जास्त झाली की तो फुगतो-आकसतो आणि रंग रेघेबाहेर जातो. घासणी सरळ, एकाच दिशेनं फिरवायची.

करवतीकाठ

सगळ्यांचे आभार, पुष्कळ झालं. दोन गोष्टी राहिल्या. सूचौत 'कसी' नावाचं विणकाम आहे म्हणतात, ते आपल्या करवतीसारखं आहे का? आणि आई तिकडच्या विणकरांना दाखवायला ४-५ कोसे आणायचं म्हणते, चालेल?

तुतीपान

कसी आणि करवती सख्ख्या बहिणी नाहीत, पण नातं आहे. करवतीत ३ धोटे चालतात, २ काठांचे आणि १ मधल्या कोशाचा. प्रत्येक फेरीत काठाचा आणि अंगाचा धागा जिथं भेटतात तिथं एकमेकांत अडकवून परततात, म्हणून करवतीच्या दातांसारखी नक्षी येते आणि जोड सुटत नाही. कसीत ताणा टोकापर्यंत सलग, पण बाणा फक्त आपल्या रंगाच्या जागेत पुढं-मागं जातो. शेजारच्या रंगाला अडकत नाही. म्हणून दोन रंग उभे भेटले की तिथं बारीक चीर राहते. कापड उजेडासमोर धरा, रंगांच्या कडेनं सुईच्या टोकाएवढे छिद्रांचे ठिपके दिसतील. उभी रेघ फार लांब झाली तर चीर उघडी पडते, म्हणून विणकर कड पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी नेतात. ताण्यावर आधी ब्रशनं चित्र काढून घेतात आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र लहान धोटा असतो. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. एका फुलासाठी डझनावर धोटे लटकलेले दिसतील, आईंना ती जागा सोडवणार नाही. रेशीम संग्रहालयात आधी कसीचे नमुने शोधा, माग नंतर.

कोसे नेऊ नका. आत कोशिका असो वा नसो, विमानतळावरच्या तपासणीत अडकतील, आणि परत येताना तिकडचे कोष किंवा अंडी आणणंही नको. त्याऐवजी टसरच्या धाग्याची एक लडी आणि करवतीचा वीतभर तुकडा घ्या, काठ आणि अंगाचा जोड मधोमध येईल असा. त्या जोडावर बोट ठेवलं की तिकडच्या विणकराला भाषा लागणार नाही. कोशाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, देठासकट, ऐनाच्या फांदीवर लटकलेला एक तरी.