मदत हवी आहे: मुलीला हव्या त्या सोरोरिटीने घेतलं नाही, मिळालेल्या ठिकाणी ती रमेल का?

नमस्कार. लेक अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्टमध्ये तिने रश केलं, म्हणजे सोरोरिटीत (कॉलेजच्या मुलींच्या सभासद-संघटनेत) शिरण्यासाठीच्या निवडीच्या फेऱ्या दिल्या. मनात होती ती दोन्ही हाउस (सोरोरिटीला असंही म्हणतात) सुरुवातीच्या फेऱ्यांतच हातची गेली. शेवटी बिड (सभासद होण्याचं आमंत्रण) आली ती फारसं नाव नसलेल्या एका चॅप्टरची, म्हणजे सोरोरिटीच्या कॅम्पसवरच्या शाखेची. तिने ती घेतली, पण आता 'इथे कुणालाही घेतात' म्हणून इनिशिएशनच्या (पक्कं सभासद करून घेण्याच्या विधीच्या) आधीच सोडायचं म्हणतेय. मला तिची खूप काळजी वाटते.

मी बरंच वाचून काढलं. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही अनेक सोरोरिट्यांची मोठी संघटना आहे. तिच्यातल्या, कॅम्पसवरच्या प्रत्येक चॅप्टरला नव्या मुलींचा साधारण सारखाच कोटा मिळतो. त्यामुळे ज्या हाउसकडे मुलींची रीघ लागते, त्यांना पहिल्या फेऱ्यांतच जास्त मुली वगळाव्या लागतात. म्हणजे नकारात मुलीच्या गुणांइतकाच गणिताचाही भाग असतो. हे तिला अजून पटत नाही.

दुसरी गोष्ट १९५९ची. अ‍ॅरनसन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला होता. गटात शिरण्यासाठी ज्यांना जास्त अवघडून टाकणारी परीक्षा द्यावी लागली, त्यांना गटातली मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली चर्चासुद्धा जास्त आवडली. म्हणून मला वाटतं, अवघड हाउसमधल्या मुलींच्या समाधानात 'एवढं सोसून मिळवलं' याचाही वाटा असणार. पण ते समाधान दोन-तीन वर्षं पुरतं का? मुली टिकतात त्या हाउसच्या नावामुळे, की आत जुळलेल्या चार मैत्रिणींमुळे?

सोडलं तर पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत त्या कॅम्पसवर या कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येणार नाही, तशी सही तिने केली आहे. शिवाय बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या मुलींना जागा कमी असतात. डेल्टा कॅपा डेल्टासारख्या दक्षिण आशियाई सोरोरिट्या या कॉन्फरन्समध्ये नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम लागू नाही. तो रस्ता तिला सुचवावा का?

ज्यांच्या मुली, बहिणी यातून गेल्या आहेत किंवा ज्या स्वतः गेल्या आहेत, त्यांनी कृपया लिहा. विशेषतः नावडत्या चॅप्टरमध्ये राहून पुढे रमलेल्या मुली असतील, तर नेमकं काय बदललं आणि साधारण कधी? आणि जिने इनिशिएशनआधी सोडलं, तिला नंतर कसं वाटलं?