मदत हवी आहे: बऱ्हाणपूरला तापीकाठी रात्र काढायची, भुताटकीचं खरं काय?

भाऊ आणि ताईहो, जळगावहून आम्ही दोघं आणि आत्या असे बऱ्हाणपूरला एक मुक्काम करायचं ठरवतोय, शाही किल्ला बघायचाय, त्यातला तो हमामखाना, छतावरची जुनी नक्षी अजून दिसते म्हणे. मुमताज तिथंच १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली आणि आग्र्याला न्यायच्या आधी काही महिने तिला नदीपलीकडे आहुखान्यात (मुघलांची जुनी बाग) पुरलं होतं हे तर माहितीच आहे, पण आता आत्याला कोणीतरी सांगितलंय की रात्री किल्ल्याकडून बाई रडल्याचा आवाज येतो आणि काठावरच्या हॉटेलातपण ऐकू जातो, झालं, ती म्हणते मी येत नाही! माझा काही विश्वास नाही, तापीच्या काठाला रात्री वारा सुटला की काय काय आवाज येतात ते आपल्याला नवीन नाही, पण बायको उलट म्हणतेय की मग तिथंच राहू, म्हणून विचारतोय.

तर कोणी राहिलंय का? किल्ला दिसेल अशी साधी, स्वच्छ खोली कुठं मिळेल, फॅमिलीला ठीक आहे का? पलीकडं आहुखान्याला रिक्षावाले नेतात का, भाडं किती घेतात? दुसऱ्या दिवशी कुंडी भंडारा (ती जमिनीखालची जुनी पाण्याची व्यवस्था) आणि असीरगड दोन्ही होईल का? (असीरगडावर अश्वत्थामा येतो हे आत्याला सांगितलेलं नाही अजून.) आणि मावा जिलेबी नेमकी कुठली घ्यायची, तेपण सांगा.